शीळफाट्याचा मुका मार

आपल्या बोलीत 'मुका मार' असा एक शब्द आहे. कातडी फाटत नाही, रक्त सांडत नाही, पण आतले हाड, बरगडी, प्लीहा, यकृत, मेंदू दुखावतो, असा तो मार. सरकारी दवाखान्याच्या इजा प्रमाणपत्रात डॉक्टर त्याची नोंद 'कठीण व बोथट वस्तूने झालेली इजा' अशी करतात. आमच्या वकिलीत हा 'कठीण व बोथट' शब्द रोजचा झाला आहे. ट्रकचा बंपर कठीण व बोथट, लोकलचा खांब कठीण व बोथट, स्लॅबही कठीण व बोथट. आणि खरे सांगायचे तर आमच्या माणसाच्या बाबतीत सरकारचे काळीजसुद्धा!

शीळफाट्यावरून जाणाऱ्या वाचकांना या जागेचे वर्णन सांगायला नको. मुंब्रा बायपास उतरून जेएनपीटी आणि भिवंडीच्या गोदामांमधली कंटेनरची रांग इथे येते, महापेकडून नवी मुंबईची वाहने येतात, कल्याण-शीळ रस्त्याने डोंबिवलीचा नोकरदार येतो, पनवेल-तळोज्याकडून आणखी येतात. या साऱ्यांच्या मधून शीळ, डायघर, देसाई, पडले, खिडकाळीचा माणूस रस्ता ओलांडतो. नाक्यावर सकाळी कामाची वाट पाहणारा बिगारी, धुणीभांडी करायला निघालेली आमची भगिनी, शाळेचे पोर. यांच्या अंगावर पोलादी पत्रा नाही की एअरबॅग नाही. धक्का लागला तर सरळ हाडाला लागतो.

धक्का लागल्यावर काय घडते ते आम्ही वर्षानुवर्षे पाहतो आहोत. माणूस पडतो, उठतो, कपडे झटकतो. गर्दी जमते. "रक्त नाही ना? मग काही नाही, मुका मार आहे, हळद लाव." टेम्पोवाला खिशातून हजार-दोन हजार काढतो, कुठल्यातरी चिठोऱ्यावर 'आपसात मिटले' असे लिहून अंगठा किंवा सही घेतो आणि निघून जातो. वाहनाचा नंबर कुणी टिपून घेत नाही. रात्री पोटात दुखू लागते. दुसऱ्या दिवशी चक्कर येते. तिसऱ्या दिवशी दवाखाना, आणि तिथे केसपेपरवर काय लिहिले जाते? 'पडल्याने दुखापत'. कुठे पडला, कशाने पडला, कुणी पाडले, काही नाही. झाले! त्या दोन शब्दांनी कायद्याचा दरवाजा बंद होतो.

वैद्यकशास्त्र काय सांगते ते आधी नीट समजून घ्या, कारण ही जिवाची गोष्ट आहे. डोक्याला मुका मार लागून मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला तर त्याची लक्षणे काही तासांनी, कधी काही दिवसांनी, वयस्कर माणसात तर काही आठवड्यांनीही दिसतात. प्लीहेला चीर गेली तर सुरुवातीला माणूस चालतो-बोलतो आणि नंतर एकाएकी कोसळतो. म्हणून ओकारी, गुंगी, वाढती डोकेदुखी, पोट ताठर होणे, खांद्यात कळ येणे, लघवीतून रक्त जाणे यापैकी काहीही दिसले तर हळदीच्या लेपावर वेळ घालवू नका. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन झालेच पाहिजे. दवाखान्यात पहिले वाक्य हेच बोला की 'अपघात झाला आहे, मेडिको-लीगल नोंद करा'. ही नोंद, जिला दवाखान्यात एमएलसी म्हणतात, तुमच्या दाव्याचा पाया आहे. काळानिळा डाग दिवसागणिक रंग बदलतो; निळ्याचा हिरवट, हिरवटाचा पिवळट होत आठ-पंधरा दिवसांत नाहीसा होतो. अंगावरचा पुरावा असा पुसला जातो. कागदावरचा राहतो.

खासगी दवाखाने आधी पैसे भरा किंवा आधी पोलीस आणा म्हणतात. असे म्हणण्याचा त्यांना अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगून ठेवले आहे की जीव वाचवणे आधी, कागद नंतर. शिवाय रस्ता अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये विनारोकड उपचाराची योजना अधिसूचित केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमून दिलेल्या रुग्णालयांत मिळायला हवेत, असे ती म्हणते. योजना कागदावर चांगली आहे. आमच्या वस्तीतल्या किती जणांना ती ठाऊक आहे? निवडणुकीच्या वेळी घरोघरी पत्रके पोहोचतात, तेव्हा हीसुद्धा पोहोचवता आली असती.

आता कायद्याकडे वळू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. हाड मोडणे किंवा निखळणे हा त्यातला एक, तो सर्वांना ठाऊक असतो. पण शेवटचा प्रकार आमच्या माणसाच्या कामाचा आहे. ज्या दुखापतीने जीव धोक्यात येतो, किंवा माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहतो, किंवा पंधरा दिवस आपले नेहमीचे काम करू शकत नाही, तीही गंभीर दुखापत. जुन्या दंड संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. म्हणजे एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसले, तरी पाठीच्या मुक्या माराने गवंडी तीन आठवडे थापी धरू शकला नाही, तर कायद्याच्या लेखी ती गंभीर दुखापतच आहे. पण हे सिद्ध व्हायचे कशाने? दवाखान्याच्या कागदावर विश्रांतीचे दिवस लिहिलेले असले पाहिजेत. आमचा माणूस चौथ्या दिवशी पोटासाठी कामावर जातो, दुखत दुखत काम करतो, आणि विमा कंपनीचा वकील उलटतपासात विचारतो, "चौथ्या दिवशी कामावर गेला होतात ना?" भुकेची अशी शिक्षा!

'गंभीर' या एका शब्दावर पैसे ठरतात, म्हणून एवढे सविस्तर लिहिले. मोटार वाहन कायद्यातील १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदींप्रमाणे, कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. वाहन धडक देऊन पळाले आणि सापडलेच नाही, तर कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. त्यासाठी न्यायालयात जायचेही कारण नाही, अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात द्यायचा. शीळफाट्यावर रात्री धडक देऊन पळणारे कंटेनर थोडे नाहीत. तरीही हा अर्ज करणारा माणूस आमच्याकडे क्वचितच येतो. 'गाडीच सापडली नाही, आता काय' म्हणून घरी बसलेले मात्र पुष्कळ भेटतात.

वाहन सापडले असेल तर खरा मार्ग कलम १६६ चा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे पूर्ण नुकसानभरपाई मागता येते; झालेला आणि पुढचा औषधोपचार, बुडालेली मजुरी, कायमचे अपंगत्व, वेदना, सेवा करणाऱ्याचा खर्च. इथे एक इशारा देऊन ठेवतो. विमा कंपनीकडून कलम १६४ ची रक्कम ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. तरुण कमावत्या माणसाचा कणा मोडला असेल तर अडीच लाखांवर सही करण्याआधी दहा वेळा विचार करा. तुमची घाई कंपनीच्या फायद्याची असते.

दावा राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही लावता येतो. परभणीहून, नांदेडहून, उत्तर प्रदेशातून आलेला मजूर अपघातानंतर गावी परत गेला तरी त्याचा हक्क शीळफाट्यावर राहून जात नाही. मुदतीचे मात्र लक्षात ठेवा. २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची अट पुन्हा आली आहे. या अटीला आव्हान दिले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, अंतिम निकाल लागेपर्यंत केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कुणी झोपू नये. सहा महिने म्हणजे सहा महिने असे समजूनच चालावे.

पोलिसांचेही एक काम आहे, जे त्यांना आठवण करून द्यावे लागते. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, आणि अपघातग्रस्ताचे हक्क सांगणारा छापील नमुना दहा दिवसांत त्याच्या हातात ठेवायचा असतो. पोलीस ठाण्यात गेल्यावर "साहेब, आमचा हक्काचा नमुना द्या" असे विचारून पाहा. चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहण्यासारखे असते!

आणखी एक समज मोडून काढणे आवश्यक आहे. 'आमच्याकडे पगाराची स्लिप नाही, मग भरपाई कशी मिळेल?' असे नाका कामगार विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रामचंद्रप्पा प्रकरणात बंगळूरच्या एका हमालाने सांगितलेले महिना साडेचार हजारांचे उत्पन्न कागद नसतानाही मान्य केले. मजुराकडे कागद नसतातच हे न्यायालयाने ओळखले. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने आणखी मोठी गोष्ट सांगितली. अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या बाबी आहेत. डावा हात गेलेला सुतार किंवा चालक जवळजवळ सगळी कमाई गमावतो, तर तोच हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून डॉक्टरने प्रमाणपत्रावर 'कंबर वीस टक्के' लिहिले म्हणून वीस टक्क्यांवर थांबू नका. विटा उचलणाऱ्याची कंबर गेली म्हणजे त्याचा कारखानाच बंद पडला, हे न्यायाधिकरणाला पटवून द्यावे लागते. घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमालाही मोल आहे, असे २०२१ च्या कीर्ती प्रकरणात न्यायालयाने बजावले. 'घरातच तर असते' हे वाक्य आमच्या घरांतूनही हद्दपार झाले पाहिजे.

आमच्याच व्यवसायाबद्दल दोन शब्द. रुग्णालयांच्या फाटकाशी 'क्लेम करून देतो' म्हणणारे दलाल उभे असतात आणि मिळणाऱ्या रकमेत तीस-चाळीस टक्के मागतात. वकिलाने निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. काळा कोट घातला म्हणून कुणी वाघ होत नाही, काही लांडगेही असतात. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका, आणि भरपाईची रक्कम स्वतःच्या बँक खात्यातच येईल हे पाहा.

इथवर रस्त्याचे झाले. आता मान थोडी वळवून रेल्वेकडे पाहू, कारण शीळ-डायघरचा माणूस दिवा किंवा मुंब्रा स्टेशनावरूनच कामाला जातो. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर, एकमेकींच्या बाजूने जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात काहींचा जीव गेला. गाडीतून पडणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली 'अनुचित घटना' धरला जातो. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूसाठी ८ लाख, जखमींसाठी दुखापतीच्या तक्त्याप्रमाणे रक्कम, आणि दावा एका वर्षाच्या आत रेल्वे दावा न्यायाधिकरणात. तिकीट गर्दीत हरवले म्हणून दावा आपोआप बुडत नाही, हे २०१८ च्या रीना देवी निकालात स्पष्ट झाले आहे.

खड्ड्यांचेही घ्या. कल्याण-शीळ रस्त्यावर पावसाळ्यात दुचाकी आदळून किती जणांच्या बरगड्या मोडल्या याचा हिशेब कुणी ठेवला? दुसरे वाहन नाही, म्हणून विमा कंपनी नाही, म्हणून दावा नाही, असा वर्षानुवर्षांचा खाक्या होता. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी तो मोडला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने ही रक्कम ठरवायची. चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, या पायावर हा आदेश उभा आहे.

वाचकहो, आता शीळफाट्यावर उभे राहून नीट पाहा. ट्रकने बरगडी मोडली तर एक न्यायाधिकरण आहे. लोकलमधून पडून मोडली तर दुसरे आहे. खड्ड्यात आदळून मोडली तर समिती आहे. आणि डोक्यावर इमारत कोसळून मोडली तर?

४ एप्रिल २०१३. गुरुवारची संध्याकाळ. शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. वनखात्याच्या जमिनीवर, परवानगीशिवाय, काही महिन्यांत सात मजले चढवले होते आणि आठव्याचे काम चालू होते. खालच्या मजल्यांवर भोगवटा प्रमाणपत्राविना माणसे राहायला आणून बसवली होती. ती का आणली होती? माणसे राहायला आली की हातोडा पडत नाही, हे अनधिकृत बांधकामाच्या धंद्याचे साधे गणित आहे. गरिबाला स्वस्तात खोली दिल्याचा देखावा करायचा, आणि त्याला, त्याच्या बायकामुलांना ढाल म्हणून वापरायचे. ७४ माणसे मेली. त्यांत कोवळी मुले होती, इमारतीवरच काम करणारे मजूर आणि त्यांची कुटुंबे होती. साठाहून अधिक जखमी झाले. त्यांच्यात मुसलमान होते, परप्रांतातले मजूर होते, आपल्या मराठवाड्या-विदर्भातून आलेले होते. ढिगारा उपसताना कुणी जात-धर्म विचारला नाही. स्लॅबनेही विचारला नव्हता.

मृतांच्या वारसांना राज्य सरकारने २ लाखांची मदत जाहीर केली. बांधणाऱ्यांना आणि महापालिकेच्या काही अधिकाऱ्यांनाही अटक झाली, सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहिला. पण जखमींचे काय? ज्याला स्लॅबखालून तासन् तासांनी काढले त्याच्या चिरडलेल्या स्नायूंतले विष रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वर आल्यावर 'वाचला' म्हणून टाळ्या वाजतात आणि खरा धोका त्यानंतर सुरू होतो. मोडलेल्या कण्याचे, गेलेल्या पायाचे, रात्री दचकून उठणाऱ्या पोराचे मोल कोण ठरवणार? अशा जखमीने जायचे असे एकही न्यायाधिकरण या राज्यात नाही.

सरकार जी रक्कम देते तिला 'सानुग्रह अनुदान' म्हणतात. हा शब्दच पाहा. अनुग्रह म्हणजे कृपा. मुख्यमंत्री कृपा करतात, आकडा घटनेगणिक, निवडणुकीगणिक बदलतो. ज्या देशाला बाबासाहेबांनी हक्कांचे संविधान दिले, त्या देशात महापालिकेने डोळे मिटून घेतल्यामुळे मेलेल्याच्या वारसाला कृपेची रांग लावावी लागते! आम्हाला कृपा नको आहे.

कायद्यात काहीच नाही असे नाही. दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. १८५५ चा जीवघेण्या अपघातांचा कायदा आजही जिवंत आहे. त्याखाली वारसांनी मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत दावा लावायचा. पण ढिगाऱ्याखाली घर, भांडी, रेशनकार्ड गाडले गेलेल्या माणसाने दोन वर्षांत वकील, कोर्ट फी आणि साक्षीदार कुठून उभे करायचे? आणि डिक्री मिळालीच तर ती कुणावर बजवायची? बिल्डरच्या नावावर काही सापडत नाही. विमा नाही, कारण ट्रकला विम्याशिवाय रस्त्यावर येता येत नाही, इमारतीला मात्र सात मजले चढता येतात. कामावर असताना मेलेल्या मजुराच्या वारसांना १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा आधार होता, ज्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तो मार्ग खरा आहे आणि मुकादमाच्या मागच्या मुख्य मालकापर्यंत पोहोचतो. पण तो मजुरापुरता. खोलीत भाकरी भाजत असलेल्या त्याच्या बायकोला तो लागू नाही.

उरते महापालिका. इथे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. १९५१ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात टाउन हॉलसमोरचा घंटाघराचा जुना मनोरा कोसळून माणसे मेली. १९६६ मध्ये सुभागवंती प्रकरणात न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले. मनोरा आपोआप पडत नाही, तो पडला हाच निष्काळजीपणाचा पुरावा, असे तत्त्व मांडले. पण तो मनोरा महापालिकेच्या मालकीचा होता. १९९७ मध्ये दिल्लीतच उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ माणसे गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा भार मालक आणि वीज मंडळावर ठेवला, आणि महापालिका व परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून मोकळे केले. सार हे की स्वतःची भिंत पडली तर पालिका पैसे देणार, दुसऱ्याची बेकायदा भिंत स्वतःच्या डोळ्यांदेखत चढू दिली तर तिच्याकडून पैसे मिळणे कठीण. आमच्या मते हा फरक न्यायाला धरून नाही. जुनी भिंत एकदा विसरली जाऊ शकते. सात मजले विसरता येत नाहीत. त्यांच्याकडे रोज पाहून रोज मान फिरवावी लागते.

हेच पुढे घडत राहिले. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत जिलानी इमारत पडली, पस्तीसहून अधिक जीव गेले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि इमारती कोसळण्याच्या प्रश्नावर महापालिकांना खडसावले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट पडली, १७ जण गेले. तीही अनधिकृत. प्रत्येक वेळी चौकशी, निलंबन, सानुग्रह. नंतर पुढच्या पावसाळ्याची वाट!

पैसा नाही असे कुणी म्हणू नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद आहे. याचा अर्थ नीट समजून घ्या. इमारत बेकायदा आहे हे पालिकेला ठाऊक असते, तशी नोंद तिच्या वहीत असते, आणि त्या बेकायदेशीरपणावर दंडही आकारता येतो. मग त्या शास्तीचा पैसा जातो कुठे? पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत. आमची मागणी आहे की शास्तीतून वसूल होणाऱ्या प्रत्येक रुपयातला ठरावीक हिस्सा इमारत दुर्घटनाग्रस्तांच्या निधीत वेगळा ठेवावा. चूक सिद्ध न करता मृत्यू आणि गंभीर दुखापतीसाठी कायद्याने ठरलेली रक्कम त्यातून द्यावी, निदान रेल्वे देते तेवढी. आणि पूर्ण भरपाईचे दावे ऐकण्याचा अधिकार मोटार अपघात न्यायाधिकरणालाच द्यावा. तिथल्या न्यायाधीशांना मोडलेल्या हाडाचे मोल करण्याची सवय आहे. भोपाळनंतर १९९१ मध्ये घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांना सार्वजनिक दायित्व विमा सक्तीचा करणारा कायदा झालाच ना? मग इमारतींसाठी का नाही? पुढच्या अधिवेशनात आपले म्हणवणारे आमदार हा प्रश्न विचारतात का, तेवढे पाहू.

काहीजण म्हणतील, अनधिकृत इमारतीत राहणाऱ्याचीही चूक नाही का? हा प्रश्न आम्ही वातानुकूलित सभागृहांत ऐकला आहे. महिना पंधरा हजार कमावणाऱ्याला ठाण्यात अधिकृत घर कोणत्या भावात मिळते ते आधी सांगा, मग चूक कुणाची ते ठरवू.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर जे हाती आहे ते सोडू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्रिया, मुले, औद्योगिक कामगार आणि सामूहिक आपत्तीत सापडलेले लोक यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, कोर्ट फीसुद्धा भरावी लागत नाही. बौद्ध धर्मांतरित बांधवांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. 'बौद्ध आहात, मग तुम्हाला हे लागू नाही' असे कुणी खिडकीवर सांगितले तर ते अज्ञान आहे, ऐकून परत येऊ नका. इमारत कोसळण्याच्या घटनेत गुन्हा नोंदला गेला असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली, म्हणजे जुन्या ३५७-अ खाली, पीडितांच्या भरपाईचा अर्जही याच प्राधिकरणाकडे करता येतो. आजवर हा अर्ज फार थोड्यांनी केला.

आमचे शीळ, दिवा, मुंब्रा, डोंबिवली परिसरातील कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या कामाला द्या. वस्तीत अपघात झाला की एकाने जखमीबरोबर दवाखान्यात जावे आणि केसपेपरवर अपघाताची जागा, वेळ, वाहनाचा नंबर लिहिला गेला का ते वाचून पाहावे. दुसऱ्याने घटनास्थळाचे आणि अंगावरच्या निळ्या डागांचे फोटो तारखेसह काढावेत. तिसऱ्याने पोलीस ठाण्यातून फिर्याद व पंचनाम्याची प्रत आणावी. औषधाच्या, रिक्षाच्या पावत्या एका पिशवीत जमवाव्यात. भाड्याने राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने वीजबिल, मुलांचे शाळेचे दाखले आणि घरभाड्याचा काहीतरी लेखी पुरावा यांचे फोटो गावाकडच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर आजच पाठवून ठेवावेत; ढिगाऱ्यातून कागद निघत नाहीत. मोफत विधी सहाय्याचा क्रमांक १५१०० आहे. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर मराठीतून लिहिलेला अर्जही चालतो, आणि लिहिता येत नसेल तर अर्ज लिहून घेणे हे तिथल्या कर्मचाऱ्यांचे काम आहे.